अठराशेचा फरक

मला आजवर कोणी उल्लू बनवलेलं नाही. आमच्या कंपनीत ते खातं माझ्याकडे आहे! मी लिफ्ट दुरुस्त करतो, वय सत्तेचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी फसवला नाही असा माणूस ऑफिसात सापडलाच, तर तो नुकताच कामाला लागलेला असणार. मागच्या वर्षी मी ऑफिसच्याच लिफ्टमध्ये एक छापील पाटी चिकटवली होती: 'ही लिफ्ट आता आवाजावर चालते. कृपया मजला मोठ्याने सांगा.' दोन दिवस सगळी बिल्डिंग बटणांपाशी तोंड नेऊन "तिसरा! तिसरा!" म्हणून ओरडत होती. आमचे मालक, म्हणजे लिफ्टच्या कंपनीचे मालक, बरं का, दुसऱ्या दिवशी घसा बसला म्हणून जिन्याने वर आले!

तर अशा माणसाला नव्या नोकरीचं बोलावणं आलं. पत्र जाड कागदावर, वर सोनेरी अक्षरं, खाली एचआरच्या मॅडमची सही. पगार महिना बावन्न हजार. इथे मला मिळतात अडतीस. चौदा हजार जास्त! मी पत्र तीनदा वाचलं, उलटं करून पाहिलं, उजेडासमोर धरून पाहिलं. कारण असली पत्रं बनवून लोकांच्या टेबलावर ठेवणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो मी. हे मी बनवलेलं नव्हतं. म्हणजे खरं होतं! उत्तर शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत कळवायचं होतं.

घरी पळत सुटलो. म्हणजे दुसऱ्या मजल्यापर्यंत पळत, तिथून पुढे कठडा धरून. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. हसा, सगळेच हसतात. पायऱ्या बहात्तर आहेत. मी नाही मोजल्या, बायकोने मोजल्यात, कारण दोन वर्षं झाली, तिचा उजवा गुडघा प्रत्येक पायरीची वेगळी तक्रार नोंदवतो. बाजारातून येताना ती दुसऱ्या मजल्यावर एकदा बसते, तिसऱ्यावर एकदा. दोन गल्ल्या सोडून एका लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये घर रिकामं होतं, ते ती एकटीच जाऊन पाहूनही आली होती. भाडं सहा हजारांनी जास्त. तेवढ्यावरच तो विषय मिटला होता.

मी पत्र तिच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून तू बटण दाबून घरी येणार."

तिने पत्र वाचलं, होतं तसं दुमडलं आणि परत दिलं. ती उड्या मारणाऱ्यातली नाही. गुडघा धड असता तरी मारल्या नसत्या. "चांगलं आहे," ती म्हणाली. "पण इकडचं आणि तिकडचं नीट मांडून बघा. नुसता पगार बघू नका. काही राहू देऊ नका."

"अगं, तू मला शिकवतेस?"

"मांडा," ती म्हणाली आणि कुकर बघायला उठली.

आता मी ते मांडायला बसलो कुठे, तर कामावर. आणि तिथेच सगळा घोळ झाला.

लिफ्टचं काम दोघांचं असतं. एक वर मशीनच्या खोलीत, दुसरा खाली लिफ्टच्या टपावर. वरचा मोटर फिरवतो, खालचा दारं आणि चाकं तपासतो. मध्ये सगळी पोकळी. तिथे ओरडून काही उपयोग नाही, नुसता घुमारा उठतो आणि शब्द कुठेतरी पाचव्या मजल्यावर मरतात. म्हणून आम्ही पान्याने लोखंडी रुळावर ठोकतो. एक ठोका म्हणजे थांब. दोन म्हणजे वर. तीन म्हणजे खाली. माझा वरचा जोडीदार आहे त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण तो बोलत नाही. अकरा वर्षांत तो माझ्याशी जेवढी पूर्ण वाक्यं बोलला तेवढी माझी मेहुणी फोन ठेवता ठेवता बोलते. पण ठोके असे देतो, की नुसत्या आवाजावरून मला कळतं, आज याने डबा खाल्लाय की नाही. त्याच्या चष्म्याची एक काडी तुटलेली, ती काळ्या इन्सुलेशन टेपने बांधलेली. चष्मा सारखा घसरतो, म्हणून बारीक तार बघताना तो मान वाकडी करून एकाच काचेतून बघतो, कोंबडी दाणा बघते तसा. नवीन घे म्हटलं की म्हणायचा, "पुढच्या महिन्यात." हे गेली तीन वर्षं.

सोमवारी सकाळी आमच्याकडे मालकांचं भाषण असतं. अर्धा तास, सगळ्यांनी उभं राहून ऐकायचं. विषय दर सोमवारी तोच: कंपनी म्हणजे कुटुंब. ते ऐकून पाय आखडलेले, तशात आम्ही दोघं एका आठ मजली इमारतीत कामाला गेलो. रेडिओ जिन्याने वर मशीनच्या खोलीकडे निघाला. त्याला चांगली दहा मिनिटं लागणार होती. मी खाली बाकावर टेकलो, मांडीवर कार्डांचं पॅड घेतलं, त्यावर खिशातला कोरा कागद ठेवला आणि मांडायला लागलो.

हे पॅड काय ते सांगतो. प्रत्येक कामाचं एक कार्ड भरायचं. एका कार्डाची तीन पानं: पांढरं ग्राहकाला, गुलाबी ऑफिसला, पिवळं पॅडमध्येच राहतं. कार्बन लागत नाही. पांढऱ्यावर लिहिलं की दाबाने खालच्या दोन्ही पानांवर आपोआप उमटतं. कार्डाच्या तळाशी एक चौकोन असतो, 'अधिक/वजा'. कोणी जादा थांबला तर त्याचं नाव, अधिक इतके. कोणी पाना हरवला तर त्याचं नाव, वजा इतके. आमच्या अकाउंटच्या बाई पूर्वी त्यातल्या प्रत्येक आकड्यासाठी मला फोन करायच्या. एकदा तर मी लिफ्टच्या टपावर, आणि बाई फोनवर विचारतायत की हे वीस कसले! शेवटी आठ वर्षांपूर्वी मी मालकांसमोर टेबल आपटून नियमच करून घेतला. अक्षर माझं असेल आणि खाली ग्राहकाची सही असेल, तर बाईंनी काही न विचारता आकडा रजिस्टरला चढवायचा. माझ्या आयुष्यातला मोठा विजय तो. तेव्हापासून बाई माझ्याशी फक्त 'हूं' एवढंच बोलतात.

असो. कागदाची मी मधोमध घडी घातली. डावीकडे ही नोकरी, उजवीकडे ती. आणि आता माझी हुशारी बघा. कागद चुकून कोणाच्या हाती लागला तर? म्हणून मी वर 'जुनी नोकरी, नवी नोकरी' असलं काही लिहिलंच नाही. नुसते सांकेतिक शब्द आणि आकडे. मी म्हणजे काय साधा माणूस आहे का!

डावीकडे आधी पगार, अडतीस हजार. मग मालकांचं सोमवारचं भाषण. ते ऐकण्याचे महिन्याचे किती घेशील, असं मी स्वतःला विचारलं, थोडी घासाघीस केली आणि लिहिलं: मालक, वजा दीड हजार. ऑफिसचा चहा म्हणजे कोमट पाण्याला कोणीतरी चहाची गोष्ट सांगितलेली. चहा, वजा तीनशे. मग रेडिओ. असा जोडीदार की ज्याच्या भरवशावर मी आठ मजल्यांच्या पोकळीत उभा राहतो आणि घरी जेवायला परत येतो. बराच वेळ पेन तसंच धरून बसलो. मग लिहिलं, रेडिओ, अधिक चार हजार. इथे मला वाटेल त्याची फिरकी घेता येते आणि कोणी काढून टाकत नाही, त्याचे: मस्करी, अधिक तीन हजार. घरून चालत दहा मिनिटं: घर, अधिक दोन हजार. मी लिहितो तेही दाबून. शाळेत मास्तरांनी लावलेली सवय.

तेवढ्यात वरून दोन ठोके आले. कागद खिशात कोंबला आणि टपावर चढलो. उजवा रकाना मग तिथेच लिहिला, काम थांबलेलं असताना, हत्यारांच्या पेटीच्या झाकणावर. बावन्न हजार. दोन बस बदलून दीड तास, वजा तीन हजार. गळ्यात ओळखपत्र आणि येता-जाता अंगठा, वजा पाचशे. पंचविशीतला साहेब मला 'डिअर' म्हणून मेल पाठवणार, वजा दीड हजार.

बेरीज केली. इकडचे पंचेचाळीस हजार दोनशे. तिकडचे सत्तेचाळीस हजार. अठराशेने नवी नोकरी पुढे! चौदा हजार होते त्याचे अठराशे झाले, पण पुढे ते पुढेच. मी टपावर उभ्या उभ्या एक गिरकीसुद्धा घेतली असती, पण तिथे गिरकीला जागा नसते.

काम संपल्यावर खाली येऊन कार्ड भरलं: दाराचं चाक बदललं, तेलपाणी केलं, लिफ्ट चालू. इमारतीच्या मॅनेजरने न वाचताच 'काम समाधानकारक' लिहून सही ठोकली. पांढरं पान त्याला दिलं. संध्याकाळी पॅड अकाउंटच्या बाईंच्या टेबलावर टाकलं. गुलाबी पानं त्या स्वतः फाडून घेतात आणि सकाळी पॅड परत देतात. मी गुलाबी पान तोवर आयुष्यात कधी बघितलेलं नव्हतं. कशाला बघायचं? पांढऱ्यावर होतं तेच असणार ना!

मंगळवारी ऑफिसात चहा आला तो अर्धा कप. बुधवारी पाव. मालक स्वतः कप तिरका करून तळाशी काय आहे ते बघत होते. चहा आणणाऱ्या बाईला विचारलं, तर ती म्हणाली, वरून आकडा कमी झालाय, मी काय करू. माझे कान टवकारले. ज्या कंपनीला चहा परवडत नाही ती किती दिवस टिकणार? गुरुवारी पगाराची पाकिटं वाटली. मालकांनी स्वतःचं पाकीट उघडलं, मोजलं, पुन्हा मोजलं, पाकीट उलटं करून झटकलं, आणि त्यांचा चेहरा जो उतरला! खुद्द मालकांना पगार कमी! संपलं म्हटलं मी. कंपनी बसली, आणि मी बरोब्बर शेवटच्या आठवड्यात बाहेर पडतोय. याला म्हणतात टायमिंग! मला इतका आनंद झाला की माझंच पाकीट मी घरी जाऊन मोजलं. ते अडतीसच होतं.

फक्त एक गोष्ट टोचत होती. रेडिओ कोपऱ्यात उभा राहून त्याचं पाकीट मोजत होता, मान वाकडी करून, एका काचेतून. एकदा माझ्याकडे बघितलं. पुन्हा मोजलं. मला वाटलं, याचेही कापले बिचाऱ्याचे. आणि मी गेल्यावर याच्या जोडीला मालकांचा भाचा येणार. तो भाचा श्वास घेतानासुद्धा बोलतो. रेडिओला मी अजून काही सांगितलं नव्हतं. उद्या सांगू म्हटलं.

शुक्रवारी सकाळी परत त्याच आठ मजली इमारतीत गेलो, चाकाची तपासणी करायची होती. रेडिओ समोर आला आणि मी बघतच राहिलो. नवा चष्मा! तपकिरी फ्रेम, दोन्ही काड्या शाबूत, मान सरळ. माणूस एकदम शाळेचा हेडमास्तर दिसायला लागला होता.

"अरे, कुठून आला हा?" मी विचारलं.

"चार हजार जास्त होते," रेडिओ म्हणाला. "बाई म्हणाल्या, तुझ्या कार्डावर आहे."

सबंध दोन वाक्यं! मी त्या धक्क्यातून सावरेपर्यंत तो जिन्याने वर निघूनही गेला. मी टपावर चढलो. चार हजार. माझ्या कार्डावर. रेडिओ, अधिक चार हजार. हे मी कुठेतरी वाचलंय असं वाटत होतं. मग खिशात हात घातला आणि कागद लागला.

पॅड काढलं. सोमवारचं पिवळं पान उघडलं. वर 'दाराचं चाक बदललं, तेलपाणी केलं', आणि त्याच्या अंगाखांद्यावरून, खाली 'अधिक/वजा'च्या चौकोनापर्यंत, निळ्या ठसठशीत अक्षरात माझा डावा रकाना! मालक, वजा दीड हजार. चहा, वजा तीनशे. रेडिओ, अधिक चार हजार. कोरा कागद मी पॅडवर ठेवून लिहिला होता. पांढरं पान स्वच्छ राहिलं आणि खालची दोन्ही पानं सगळं पिऊन बसली! सर्वांत खाली मॅनेजरची सही. काम समाधानकारक.

 पॅड मांडीवर घेऊन टपावरच खाली बसलो. पाव कप चहा मीच केला होता. मालकांचा पगार मी कापला होता. कंपनी कुठे बुडत नव्हती, मीच तिला भोक पाडलं होतं! आणि त्या सगळ्या गोंधळातून एकच धड गोष्ट निघाली होती, ती वर मशीनच्या खोलीत सरळ मानेने तारा बघत होती.

मी वर तोंड केलं आणि ओरडलो, "अरे, ऐकतोस का? मी नोकरी सोडतोय. आज."

घुमारा उठला. आठही मजल्यांना कळलं असणार.  मी वाट बघितली. मग रुळावर ठोका आला. एकच.

लिफ्ट मुळात थांबलेलीच होती.

दुपारी तीनला मी मालकांच्या केबिनमध्ये शिरलो. माझा आधीचा बेत असा होता की पत्र टेबलावर टाकायचं, बावन्न मागायचे आणि त्यांचा चेहरा बघत उभं राहायचं. पण टेबलावर गुलाबी कार्ड आधीच होतं. शेजारी मालकांचं पाकीट. मालक रजिस्टरवर पगार घेतात तो घरी जाऊन पत्नीच्या हातात देतात आणि ती मोजते. काल दीड हजार कमी भरले होते आणि ते कुठे गेले हे मालकांना सांगता आलं नव्हतं. त्यांचे डोळे बघून कळत होतं की चौकशी बराच वेळ चालली.

"बस," ते म्हणाले. "मस्करी म्हणजे कोण?"

"अं?"

"मस्करी, अधिक तीन हजार. बाईंना या नावाचा माणूस रजिस्टरात सापडला नाही. घर, अधिक दोन हजार, तोही नाही. रेडिओ सापडला. चहा सापडला. मी सापडलो. राहिलेल्या दोघांवर त्यांनी लाल प्रश्नचिन्ह करून पाठवलंय."

काही थाप मारता येईल का, असा विचार मी केला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा एकही सुचली नाही! मुकाट्याने पत्र काढून ठेवलं आणि कसं काय झालं ते सगळं सांगितलं. मालकांनी पत्र वाचलं. चिडतील वाटलं होतं. ते कॅल्क्युलेटर शोधायला लागले.

"दुसरा रकाना दाखव."

दाखवला. त्यांनी एकेक आकडा टोचत बेरीज केली. मग पुन्हा केली. "इकडे पंचेचाळीस हजार दोनशे. तिकडे सत्तेचाळीस. फरक किती?"

"अठराशे."

"चौदा हजार नाही."

"नाही," मला म्हणावंच लागलं. अक्षर माझं होतं.

मालक खुर्चीत मागे टेकले. तेव्हाच मला धोका कळायला हवा होता, कारण मी कोणाची फिरकी घेण्याआधी अगदी तस्साच मागे टेकतो.

"मग ऐक," ते म्हणाले. "सोमवारचं भाषण बंद. तुझे दीड हजार तुला मिळाले. चहा उद्यापासून चांगला, आणि भरून कप. तीनशे मिळाले. झाले किती?"

मी बोटं मोजली. खरंच मोजली! "अठराशे."

"आता फरक किती राहिला?"

"काही नाही."

"मग जातोयस कशाला?"

 सगळे आकडे माझे, बेरीज बरोबर, खाली ग्राहकाची सही! खिशातून एक पैसा न काढता या माणसाने बावन्न हजारांशी बरोबरी साधली होती. मी शेवटचा म्हणून रेडिओच्या चार हजारांचं विचारलं. ते परत घेणार का?

मालकांनी कॅल्क्युलेटर बाजूला सारला. "राहू दे," ते म्हणाले. "त्याने चष्मा घेतलाय. आणि इतकी वर्षं मी त्याला कमी धरत होतो. तू रोज त्याच्या भरवशावर उभा राहतोस, तुला किंमत माहीत."

खरं सांगू? मला तेव्हा इतकं बरं वाटलं की मी तिथल्या तिथे, मालकांच्याच फोनवरून, एचआरच्या मॅडमना नकार कळवला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, इथला चहा सुधारलाय.  मग मालकांनी लगेच नवा चहा मागवला, कडक, कपभर, आणि आम्ही दोघं तो पीत बसलो. घड्याळात पाच वाजून गेले.

घरी निघालो तो हवेत. पगार तेवढाच, पण बघा ना, भाषण नाही, चहा फक्कड, रेडिओ सोबत! तिसऱ्या मजल्यावर बायको पायरीवर बसलेली. बाजूला भाजीची पिशवी, हात गुडघ्यावर. मी तिथेच शेजारी बसून सगळी गोष्ट सांगितली, रकान्यांसकट. मालकांचा आवाज काढला, मॅडमचा काढला, रेडिओचा ठोका कठड्यावर ठोकून दाखवला. ती ऐकत होती. मध्ये हसलीसुद्धा. मी संपवल्यावर तिने कागद मागितला. डावा रकाना वाचला, मग उजवा वाचला, कागद उलटा करून मागची बाजूही बघितली.

"माझा गुडघा कुठल्या रकान्यात आहे?" तिने विचारलं.

मी कागद घेतला. बघितला. आहे कुठे!

मस्करीचे तीन हजार लावले. चहाचे तीनशे लावले. अंगठा लावायचे पाचशे लावले, माझा अंगठा! आणि ज्या गुडघ्यासाठी पत्र घेऊन बहात्तर पायऱ्या पळत आलो होतो, तो राहिला.

"काही राहू देऊ नका म्हटलं होतं," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग कठड्याला धरून उठली. पिशवी मी घेतली. उरलेल्या पायऱ्या मी पहिल्यांदाच तिच्या चालीने चढलो. फार वेळ लागतो हो.

शनिवारी सकाळी उठलो आणि पॅड काढलं. मी असा हरणारा माणूस नाही! नवं कार्ड भरलं. ठिकाण: आमचं घर. तक्रार: चौथा मजला, लिफ्ट नाही. खाली 'अधिक/वजा'मध्ये: गुडघा, अधिक चार हजार. रेडिओएवढे ठेवले, उगाच हावरटपणा नको. बायकोपुढे धरलं, म्हटलं, तू ग्राहक, कर सही. तिने त्या मॅनेजरसारखी डोळे मिटून सही केली नाही. अख्खं कार्ड वाचलं, चार खोडले आणि सहा केले. "भाडं सहाने जास्त आहे," ती म्हणाली आणि मग सही केली.

बाईंनी कार्ड बघितलं. 'हूं' म्हणाल्या, गुडघ्यावर लाल प्रश्नचिन्ह काढलं आणि मालकांकडे पाठवलं. मालकांचा निरोप आला की तक्रारीची पाहणी करायला स्वतः येतो. आणि रविवारी आले! मी खिडकीतून बघत होतो. खालून पायऱ्या मोजल्याचा आवाज येत होता, एक, दोन, तीन, मोठ्याने. तिशीत आवाज बारीक झाला. पन्नाशीला बंदच झाला. मी खाली गेलो तर मालक तिसऱ्या मजल्यावर, बायकोच्या ठरलेल्या पायरीवर, भिंतीला डोकं टेकून बसलेले. बायको मागून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"वहिनी," पाणी पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "तुम्ही हे रोज चढता?"

"दोनदा," बायको म्हणाली.

मालकांनी खिशातून पेन काढलं, कार्ड स्वतःच्या गुडघ्यावर ठेवलं आणि सही केली. वर आलेच नाहीत, तिथूनच परत गेले. जाताना माझ्याकडे असं बघितलं की तेवढ्यात मला कळलं, सहा हजार गेल्याचं त्यांना वाईट वाटलेलं नाही, ते माझ्यामुळे गेले याचं वाटलंय!

पुढच्या एक तारखेची मी कशी वाट बघितली, विचारू नका. चव्वेचाळीस हजार! रेडिओला आधीच सांगून ठेवलं की पार्टी. पाकीट हातात आलं, जागेवर फोडलं. अडतीस. पुन्हा मोजलं. अडतीसच. मालकांसारखं उलटं करून झटकलंही.

तडक बाईंच्या टेबलाशी गेलो. बाईंनी ड्रॉवर उघडला आणि दुसरं पाकीट काढलं. चिकटवून बंद केलेलं, आणि वर माझ्या बायकोचं नाव.

"सही ग्राहकाची, पैसे ग्राहकाचे," बाई म्हणाल्या. "मी काही विचारत नाही. नियम तुमचाच आहे." आठ वर्षांत 'हूं'च्या पलीकडे त्या पहिल्यांदा बोलल्या, आणि बोलून झाल्यावर मागे टेकल्या.

आता आम्ही लिफ्टवाल्या बिल्डिंगमध्ये राहतो. बायको बटण दाबून घरी येते. ऑफिसात चहा भरून कप मिळतो. दर महिन्याला तिचं पाकीट मीच पोचवतो, बंद, आणि ती माझ्यासमोर मोजते, एखादी नोट मी वाटेत ओढली असेल तर कळावं म्हणून. परवा रेडिओच्या त्या पार्टीसाठी मी तिच्याकडे थोडे मागितले. ती म्हणाली, कार्ड भरून आणा.

भरून दिलंय. सही व्हायची आहे.